गाण्याचा उतारा कुणाच्या नावावर?

माझं पहिलं गाणं आठ वर्षांपूर्वी रेकॉर्ड झालं. शब्द माझे, चाल माझी, आवाज माझा. पैसेही माझेच, पेटीच्या शिकवण्या घेऊन साठवलेले. ज्या स्टुडिओत केलं त्याच्या मालकाने ते स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकलं आणि संगीतकार म्हणून स्वतःचं नाव घातलं. मी फक्त 'गायिका', तेही आडनावातला 'ळ' जाऊन 'ल' झालेला. विचारायला गेले तर म्हणाला, "ताई, फाईल माझ्याकडं, मिक्सिंग मी केलं, मग गाणं कुणाचं?" माझ्याकडे उत्तर होतं, कागद नव्हता.

घरी येऊन रडले. बाबांचं आयुष्य तहसीलदार कचेरीच्या चकरा मारण्यात गेलेलं. ते शांतपणे म्हणाले, "शेत कसतंय कोण, हे कोण बघतंय? उतारा कुणाच्या नावावर हाय ते बघतात."

तेव्हापासून मी गाण्याकडे जमिनीसारखं बघते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकातल्या सीमाभागात स्वतःची गाणी करू पाहणाऱ्या मुली-बायका मला अधूनमधून फोन करतात. प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलंय. क्रम मी केला तो नाही. करायला हवा होता तो आहे.

आधी नाव ठरवा

हसू नका, पण सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात. आपल्याकडे शाळेचा दाखला मराठीत, आधार कार्ड कन्नड आणि इंग्रजीत, पॅन नुसतं इंग्रजीत. कन्नडमधून इंग्रजीत जाताना नावाला एखादी 'ए' वाढते, एखादा 'एच' गळतो. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव चढतं, बँकेत माहेरचंच राहतं. मग गाण्याचे चार पैसे यायची वेळ आली की बँकेतलं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नाही म्हणून ते वरच्या वर लटकतात. म्हणून पहिलं काम गाणं नव्हे. आधार, पॅन, बँक पासबुक ही तिन्ही समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

कलाकार म्हणून लावायचं नाव यापेक्षा वेगळं असलं तरी चालतं. पण ते एकदाच ठरवा: देवनागरीत कसं, इंग्रजीत कसं, आणि कन्नडमध्येही कसं, कारण बॅनर छापणारा तुम्हाला विचारणार नाही. ठरवण्याआधी स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर शोधून बघा. त्याच नावाची दुसरी गायिका असेल तर तुमची गाणी तिच्या पानावर जाऊन बसतात आणि ती परत आणायला महिना जातो. लग्न ठरायच्या वयातल्या मुलींना माझं स्पष्ट मत सांगते: आडनाव लावूच नका. नुसतं नाव आणि गाव, किंवा नाव आणि आईचं नाव. बदलावं लागणार नाही असं काहीतरी.

ही भानगड आजची नाही. आपल्या शेजारच्या हुबळीच्या शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल १९३० च्या दशकात रेकॉर्ड द्यायला लागल्या, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर नाव 'गांधारी हुबळी' असं होतं. त्या पुढे एवढ्या मोठ्या झाल्या की जगाने त्यांना त्यांच्या नावानेच ओळखलं. आपल्याला तेवढी खात्री नाही, तर नाव पहिल्या गाण्यापासून नीट लावलेलं बरं.

शब्द आणि पट्टी

आपण बायका घरात 'मी आलो', 'मी जातो', 'मी जेवलो' म्हणतो. गाणं लिहायला बसलं की मात्र लगेच पुण्याच्या होतो: 'मी आले', 'मी गेले'. मीही पहिली दोन वर्षं असंच केलं आणि ती गाणी आज मलाच परकी वाटतात. एकदा मुद्दाम आईच्या तोंडचं 'मी येतो गं' तसंच ठेवलं. कोल्हापूरच्या कार्यक्रमात टाळी पडली, पुण्याच्या एका श्रोत्याने विचारलं, "हे गाणं पुरुषाच्या तोंडी आहे का?" त्याला समजावलं, त्याने पुन्हा ऐकलं. एका ओळीपुरता गोंधळ होतो, पुढे माणूस ऐकतोच. अक्का, अण्णा हे शब्द आपल्या घरात कन्नडमधून आलेत आणि कधीचे मुरलेत. त्यांनाही सोवळ्यात बसवू नका.

ओव्या, यल्लम्माची गाणी, चौंडक्याचा ठेका यांतून चाल घ्यायची असेल तर खुशाल घ्या. आमच्या आजीपासून सगळ्या सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आल्यात, ते सूर आपलेच आहेत. पण श्रेय लिहिताना 'चाल: पारंपरिक' असंच लिहा. आणि एखाद्या कंपनीने त्याच पारंपरिक चालीला बांधलेलं संगीत, मधले तुकडे, कोरस उचलू नका. ओवी सगळ्यांची असते, तिचं संयोजन कुणातरी एकाचं असतं.

आता पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या स्वराला 'सा' धरून गायचं ते. आपल्याकडे क्लासमध्ये सगळ्या मुलींना सरसकट काळी चार किंवा काळी पाच देतात, कारण पंधरा मुलींना एकदम शिकवायचं असतं. स्वतःच्या गाण्याला ती सक्ती नाही. गाण्यातली सर्वांत वरची ओळ (बहुतेक अंतऱ्यात असते) आणि सर्वांत खालची ओळ, या दोनच ओळी घ्या. पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार अशा ओळीने म्हणून फोनवर रेकॉर्ड करा. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. वरची ओळ किंचाळल्यासारखी होत नाही आणि खालची पुटपुटल्यासारखी होत नाही, ती तुमची पट्टी. मी सात वर्षं काळी चारमध्ये ओरडत होते. माझा आवाज काळी तीनमध्ये बसतो हे असं कळलं.

आणि पेटी तपासा. घरातली जुनी पेटी बहुतेक वेळा चढलेली किंवा उतरलेली असते. फोनवर ट्यूनरचं ॲप घ्या, पांढरी सहा दाबा, ४४० हर्ट्झ दाखवतंय का बघा. माझी पेटी चढलेली होती. तिच्यावर गायले, नंतर कीबोर्डवाल्याने आपले सूर भरले आणि सगळं गाणं कडू लागलं. दोष कुणाचाच नव्हता, दोघंही आपापल्या जागी सुरात होतो. तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या वेळी पेटी बाजूला आणि ४४० ला लावलेलं तानपुऱ्याचं ॲप कानात. पेटी सुरात लावून घ्यायची तर जाणत्या कारागिराकडेच न्या. तानपुरा घ्यायचा असेल तर मिरज आहेच जवळ.

घरचं रेकॉर्डिंग

मी राहते बेळगावच्या वडगावात. आमच्या गल्लीत सकाळी सातपासून रात्रीपर्यंत यंत्रमाग चालतात. खडखडाट एवढा की पाहुणे पहिल्या दिवशी डोकं धरून बसतात. आम्हाला तो ऐकूच येत नाही. मायक्रोफोनला मात्र येतो. पहिले सहा महिने रात्री दोनला उठून गात होते. रात्री दोनला आवाज कसा लागतो ते गाणाऱ्यांना सांगायला नको, शिवाय कुत्री असतातच.

मग एका रविवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. लॅपटॉप बॅटरीवर होता, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, म्हणजे मला विजेची गरजच नव्हती. चार तासांत दोन गाणी झाली. अंतऱ्याच्या मध्येच समोरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "गाणं म्हणूलीस होय? म्हण, म्हण." ते वाक्य मी गाण्याच्या सुरुवातीला तसंच ठेवलंय. आता पेपरात 'वीजपुरवठा खंडित'ची बातमी आली की सगळं घर हळहळतं आणि मी लॅपटॉप चार्जिंगला लावते. शहापूर, खासबाग, वडगाव भागातल्यांना हा उपाय फुकट आहे. लाईट गेल्यावर वायरिंगमधून येणारी गुणगुणही जाते, हा वरचा फायदा.

सामान काय घ्यायचं? इंटरनेटवर सगळे कंडेन्सर माइक घ्या म्हणतात. तो माइक नाजूक आवाज छान टिपतो हे खरं, पण पलीकडच्या गल्लीतला मागही तितक्याच प्रेमाने टिपतो. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागतो, तोही इंटरफेसवर चालू करावा लागतो. आपल्या घरांसाठी मी डायनॅमिक माइकच सुचवते. तो तोंडाजवळचंच ऐकतो, पडला तरी मरत नाही आणि तोच माइक पर्समध्ये घालून कार्यक्रमालाही नेता येतो. शुअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ पासून जगभर चालणारा माइक आहे. पण त्याच्या नकला बाजारात ढीगभर आहेत. फारच स्वस्त मिळत असेल तर तो खरा नाही. त्याच्या जोडीला दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन (ब्लूटूथचा नको, आवाज उशिरा येतो), स्टँड, केबल. डायनॅमिक माइकचा आवाज बारीक असतो, म्हणून इंटरफेसचा गेन (माइकचा आवाज वाढवायची ताकद) भरपूर आहे ना, एवढं दुकानात वाजवून बघा.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. ऑडॅसिटी आणि बँडलॅब फुकट आहेत. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं आणि नंतरही स्वस्तच आहे.

जागा निवडताना हॉल टाळा. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, वर पत्रा किंवा स्लॅब; तिथे आवाज चेंडूसारखा उडतो. कपड्यांनी भरलेली सर्वांत लहान खोली घ्या. साड्यांचं कपाट उघडा आणि माइक त्या कपाटाकडे पाठ करून ठेवा. आता सगळे चुकतात ती गोष्ट: वाकळ माइकच्या मागे नाही, तुमच्या पाठीमागे टांगायची. माइकचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजे तुमच्या मागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज त्यात सरळ शिरतो. दोरी बांधून दोन जाड वाकळी टांगा. टाळी वाजवून बघा, 'टण्ण' ऐवजी 'ठप' आलं की झालं.

तोंड आणि माइक यांत डायनॅमिकला चार बोटं ते वीतभर अंतर. 'प', 'फ', 'भ' म्हणताना वारा माइकवर आदळतो, त्यासाठी पॉप फिल्टर मिळतो. मी भरतकामाच्या रिंगवर नायलॉनचा जुना मोजा ताणून केलेला अजून वापरते. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. तुमची सर्वांत मोठ्याने म्हणायची ओळ म्हणून बघा. काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहिला पाहिजे. लाल दिवा लागला तर तो टेक गेला, नंतर कुणीही तो दुरुस्त करू शकत नाही.

आधी अख्खं गाणं सलग तीन वेळा म्हणा. तुकड्यातुकड्यात नंतर. सुरुवातीपासून एकेक ओळ पुसत बसलं की गाणं सुरेल होतं पण त्यातला श्वास जातो. मोजपट्टीने काढलेल्या रांगोळीसारखं दिसतं ते.

पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर, घरी रेकॉर्डिंगचा हट्ट धरू नका. खानापूरकडच्या मैत्रिणींना तर पत्र्यावरच्या पावसात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. ते चार महिने लिहायचे, चाली लावायच्या. फाईलला तारीख, गाण्याचं नाव, पट्टी आणि लय एवढं नाव द्या, आणि दोन ठिकाणी ठेवा: एक पेनड्राइव्ह, एक गूगल ड्राइव्ह. या कच्च्या, तारखेच्या फाइली पुढे भांडण झालं तर पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

स्टुडिओ, वादक आणि एक पान कागद

तबला, ढोलकी, बासरी घरी नीट होत नाही, आणि शेवटचं मिक्सिंग तयार कानाकडूनच करून घ्यावं. बेळगावात, कोल्हापुरात बरे स्टुडिओ आहेत. तासावर पैसे असतात, म्हणून घरी केलेला गाइड ट्रॅक, म्हणजे गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग, घेऊन जा. तिथे बसून चाल लावू नका. पहिल्याच फोनवर एक प्रश्न विचारा: "काम झाल्यावर प्रत्येक वाद्याची वेगळी फाईल मला मिळेल का?" 'नाही' किंवा 'बघू' म्हणाले तर दुसरा स्टुडिओ बघा.

आता त्या मालकाला मला जे उत्तर द्यायचं होतं ते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण. शब्द लिहिणारीचे. संगीत चाल बांधणारीचं, आणि ते नोटेशनमध्ये लिहिलेलं असायची गरज नाही. ध्वनिमुद्रणाचा मालक म्हणजे निर्माता, आणि कायद्याच्या भाषेत निर्माता तो, ज्याने ते करवून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली. पैसे मी दिले, वादक मी ठरवले, म्हणजे निर्माती मी. फाईल कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये आहे याला अर्थ नाही. फोटो स्टुडिओत काढला म्हणून चेहरा त्याचा होत नाही.

हे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. तोंडी 'हो' म्हटलं म्हणून ते जात नाहीत. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्यांच्या करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द हमखास असतात. सही करण्याआधी तेवढे दोन शोधा. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय केली आहे: गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही सोडून देता येत नाही. तुम्ही स्वतः लिहिता आणि चाल लावता, म्हणजे हे दोन्ही वाटे तुमचे.

मी स्टुडिओत जाताना साध्या कागदावर एवढंच लिहून नेते:

'गाण्याचं नाव अमुक. शब्द, चाल आणि गायन माझं. ध्वनिमुद्रणाची निर्माती मी. तबला, बासरी, संगीत संयोजन आणि मिक्सिंग या कामाचे ठरलेले पैसे खाली सही करणाऱ्यांना मिळाले. वादक व संयोजक यांची नावं प्रत्येक ठिकाणी दिली जातील. सर्व फाइली मला मिळाल्या. माझ्या लेखी परवानगीशिवाय हे गाणं कुणीही कुठे प्रसिद्ध करणार नाही.'

खाली तारीख, सह्या, फोटो काढून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर. वादक चिडतील अशी भीती मला होती. एकही चिडला नाही, उलट एका ढोलकीवाल्या मामांनी विचारलं, "माझं नाव खरंच येणार?" बावीस वर्षं वाजवतात, नाव कुठेच आलं नव्हतं. संयोजकाने मधलं संगीत स्वतः रचलं असेल तर मात्र त्याचा वाटा मोकळेपणी बोला. तो नाकारणं म्हणजे माझ्याशी जे झालं तेच करणं.

नोंदणी सक्तीची नाही, हक्क गाणं तयार झाल्यापासूनच असतो. पण हवी असेल तर कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन होते: शब्द किंवा संगीत प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रण २००० रुपये, अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबतात. मी सगळ्याच गाण्यांची करत नाही. जे लोकांच्या तोंडी बसेल असं वाटतं, त्याच्या शब्दांची आणि चालीची करते.

गाणं बाहेर सोडताना

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक वगैरे ठिकाणी गाणं सरळ देता येत नाही, मध्ये वितरक लागतो. कुणी वर्षाचे पैसे घेतं, कुणी उत्पन्नातला वाटा. गाणी थोडी असतील तर वाटा देणारं परवडतं. डब्ल्यूएव्ही फाईल आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र लागतं. वितरक प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा नंबर देतो. तो वहीत लिहून ठेवा, गाण्याचा सर्व्हे नंबर समजा. भाषा 'मराठी' निवडा. आपला जिल्हा बघून एका वितरकाच्या माणसाने माझं गाणं 'कन्नड' करून टाकलं होतं. मराठी ऐकणाऱ्यांना ते दिसेचना.

प्रसिद्धीची तारीख तीन-चार आठवडे पुढची द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर निदान ७ दिवस आधी सुचवावं लागतं. इंटरनेटवरून घेतलेला तयार ठेका किंवा लूप वापरला असेल तर यूट्यूबच्या 'कंटेंट आयडी'वर (तुमचं संगीत दुसऱ्यांच्या व्हिडिओत ओळखून आपोआप दावा लावणारी सोय) टिक करू नका. तोच ठेका हजार जणांनी घेतलेला असतो आणि मग तुमच्या नावाने त्यांच्या गाण्यांवर दावे लागतात, त्यांचे तुमच्यावर.

पैशाचं खरं सांगते. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याने मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं जाण्याचा टप्पा ओलांडला नाही तर त्याचे पैसेच धरत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास पाहिलं जाणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज) लागतं. माझ्या घरातलं दूध अजून शिकवण्यांवरच येतं. पण गाणं तिथे असलं की आयोजकाला लिंक पाठवता येते, आणि कार्यक्रम तिथून मिळतात. दोनतीन गाणी प्रसिद्ध झाली की आयपीआरएसचं गीतकार-संगीतकार म्हणून सभासदत्व घ्या. १९६९ पासूनची संस्था आहे, तुमचं गाणं बाहेर वाजलं तर त्याची रॉयल्टी गोळा करते. फॉर्म भरताना पहिला भाग आठवा: पॅन, बँक, नाव.

कार्यक्रम

आपल्या भागाचं स्वतःचं कॅलेंडर आहे. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. महिला मंडळांना त्या दिवसांत अर्धा तास गाणारी हवीच असते, आणि ऐकणाऱ्या सगळ्या बायकाच, नव्या गाण्यासाठी यापेक्षा चांगला श्रोता नाही. थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं होतात. तिथे गाण्याचा कार्यक्रम मागायला गेलात तर 'ठरलंय सगळं' म्हणतील. कविसंमेलनात नाव द्या. गाऊन म्हटलेली कविता हीसुद्धा कविताच. मला पहिले तीन कार्यक्रम तिथून मिळाले. गणेशोत्सवात आणि शिवजयंतीत आवाजाची चढाओढ असते, एकट्या पेटीवर तिथे निभाव लागत नाही.

स्वतः कार्यक्रम ठेवायचा तर १ नोव्हेंबरच्या आसपासची तारीख घेऊ नका; एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिवस, जास्त सांगायला नको. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की हॉटेलं भरतात, रस्ते वळवतात, पोलीस परवानगीला वेळ लागतो. तेही दिवस टाळा. बॅनरवर कन्नड मजकूर वर आणि मोठा घाला. तत्त्वाची चर्चा करायला जागा इतर पुष्कळ आहेत, बॅनर कार्यक्रमाच्या सकाळी उतरवला गेला तर नुकसान तुमचं. लोकमान्य रंगमंदिर किंवा कुमार गंधर्व रंगमंदिर पहिल्याच फटक्यात भरायला जाऊ नका. वाचनालयाचं छोटं सभागृह घ्या. साठ खुर्च्यांत पन्नास माणसं बसली की कार्यक्रम भरल्यासारखा दिसतो, मोठ्या नाट्यगृहात तीच पन्नास माणसं बघून आपलाच आवाज बसतो.

आकाशवाणीची सुगम संगीताची ऑडिशन द्या. बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. मराठीसाठी सांगली, कोल्हापूर केंद्रांकडे चौकशी करा. श्रेणी मिळाली की गावातले लोक अचानक 'कलाकार' म्हणायला लागतात, हा त्यातला मोठा लाभ.

ठरवताना सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि 'ओके' घ्या: तारीख, वेळ, किती मिनिटं, मानधन, आगाऊ रक्कम, साथीदार किती, माइक किती, कपडे बदलायला कडी असलेली खोली आणि जवळ स्वच्छतागृह. शेवटचं लिहायला लाजू नका. एका जत्रेत मला रंगमंचामागे ताडपत्री दाखवून 'इथंच' म्हणाले होते. कार्यक्रमांसाठी वेगळं सिम ठेवा. पोस्टरवर घरचा नंबर गेला की रात्री अकराला 'मॅडम, आवाज छान आहे' सुरू होतं.

उघड्यावर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद, सरकारने ठराविक दिवस सवलत दिली असली तरच १२ पर्यंत. आयोजकांची भाषणं हमखास लांबतात, म्हणून मी वेळ लिहितानाच 'आठ वाजता गायन सुरू' असं लिहिते. दहा वाजता वीज काढली तरी माझी गाणी झालेली असतात. जाताना लाल बस बरी. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं. निपाणीपर्यंत माझा खर्च शून्य, कोल्हापूरला जायचं तर हिशेब वेगळा. परतीची शेवटची बस किती वाजता, हे मात्र आधी विचारा. ती चुकेल असं दिसत असेल तर गाडीचे पैसे आयोजकाच्या मेसेजमध्ये घाला.

बरोबर न्यायचं: स्वतःचा माइक, दोन केबल, ट्रॅक पेनड्राइव्हवर आणि फोनवरही, सेफ्टी पिना, गरम पाण्याचा थर्मास. साउंडवाल्याला गोड बोलून आधी अर्धा तास मागा आणि एकच सांगा, "एको कमी करा." ते वाढवतातच. आवाज चांगला नसेल तर एको लागतो असं त्यांना वाटतं, आणि बाई दिसली की आणखी थोडा घालतात.

पैसे

आमच्याकडे शाल, नारळ, पुष्पगुच्छ आणि वर कुंद्याचा (बेळगावची खास मिठाई) डबा देऊन निरोप द्यायची पद्धत आहे. कुंदा चांगला असतो, वाद नाही. पण तबलजीला कुंदा देता येत नाही. म्हणून निम्मी रक्कम आधी यूपीआयवर, उरलेली रंगमंचावर चढण्याआधी. 'घरचाच कार्यक्रम आहे' म्हणणाऱ्यांना मी विचारते, मंडपवाला कोणाच्या घरचा? फुकट गायचंच असेल तर गा, मीही गाते, पण तेव्हा 'मानधन घेतलेलं नाही' असं निवेदकाकडून माइकवर म्हणवून घ्या. पुढच्या गावाला तुमचा दर शून्य आहे असं वाटायला नको.

एखादी संस्था मानधनातून टीडीएस, म्हणजे आधीच भरायचा कर, कापते. घाबरू नका, पॅन द्या आणि वर्षाअखेर आयकर खात्याच्या कर-जमा पत्रकात तो जमा दिसतोय का बघून रिटर्न भरा. उत्पन्न करपात्र नसेल तर परत मिळतो. माझे दोन वर्षांचे असे पैसे केवळ फॉर्म न भरल्यामुळे पडून राहिले होते.

एक लांबोडकी वही करा. डाव्या पानावर गाणं: नाव, तारीख, आयएसआरसी, कागदावर कुणाकुणाच्या सह्या. उजव्या पानावर आलेले-गेलेले पैसे. माझ्या वहीतलं पहिलं पान अजून अर्धं रिकामं आहे. डावीकडे पहिल्या गाण्याचं नाव, उजवीकडे स्टुडिओला दिलेली रक्कम, सह्यांच्या जागी काही नाही. ते गाणं मी मागच्या वर्षी काळी तीनमध्ये पुन्हा रेकॉर्ड केलं, वडगावातच, लाईट गेलेली असताना. त्याचं पान वेगळं आहे, नंबर सतरा, आणि त्यावर ढोलकीवाल्या मामांची सही आहे.